खळ

बाबा चर्नी रोडच्या सरकारी छापखान्यात बाइंडर होते.
एकतीस वर्षं.
पुस्तकं वाचली कमी, शिवली जास्त:
अर्थसंकल्प, गॅझेटं, जनगणनेचे जाडजूड खंड,
आणि संविधान, मराठीतलं.
सोळा पानांचा एक जुज, मधोमध दाभण,
मेण लावलेला दोरा.
म्हणायचे, जिथं दोरा दिसतो ना,
त्या दोन पानांपुरती बाइंडरची ओळख.
पुढचं वाचणाऱ्यानं बघावं.

निवृत्तीनंतरही खळ घरीच शिजायची.
मैदा, पाणी, चिमूटभर मोरचूद, कीड लागू नये म्हणून.
अख्ख्या नेहरूनगरातल्या पोरांच्या फाटक्या वह्या
आमच्या गॅलरीत वजनाखाली पडलेल्या असत.

त्या रात्री दोनला ताहेराबींनी दार वाजवलं.
नईमला नेलं.
का, ते सांगितलं नाही. कुठं, तेही नाही.
आम्हाला ठाऊक होतं ते एवढंच, की त्यानं
एल वॉर्डाच्या फाटकाशेजारी पोस्टर लावलं होतं:
अकरा दिवस नळ कोरडा,
आणि खाली विचारलेलं, साहेबांकडचा टँकर कोणाच्या बिलावर?

बाबांनी आधी चष्मा शोधला.
किती वाजता नेला?
दीडला.
भिंतीवरच्या कॅलेंडरात, चौदा तारखेच्या चौकटीत,
जिथं आई दुधाचे खाडे मांडायची,
त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं: १.३०.

ठाण्यात हवालदार म्हणाला, काका, घरी जा.
बाबांनी पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं.
ते आपसूक उघडलं, दोऱ्यावर, अनुच्छेद बावीसला.
नीट शिवलेलं पुस्तक सपाट उघडतं,
हात धरावा लागत नाही,
याचा त्यांना आयुष्यभर अभिमान.
वाचून दाखवलं नाही. फक्त बोट ठेवलं.
नखात वाळलेली खळ.

हवालदार ओठ हलवत वाचत गेला, तिसरीतल्या मुलासारखा.
चोवीस तासांपाशी आला, थांबला,
मान वर करून घड्याळ बघितलं.
मीही बघितलं. सात मिनिटं पुढं होतं.

आम्हाला कायदा शिकवायला आला काय?
आतून फौजदार.
नाही साहेब. घरात एकच प्रत आहे, परत न्यायचीय.
तोवर बसतो.

बसलो.
पहाटे ताहेराबींनी कोपऱ्यात ओढणी अंथरून नमाज पढली,
तेव्हा हवालदारानं पसरलेले पाय
न बोलता आखडून घेतले.
साडेसातला मानखुर्दहून वकीलबाई आल्या, स्कूटरवर,
डब्यातली अर्धी पोळी आमच्या हातावर ठेवली
आणि थेट आत गेल्या.
त्यांना कोणी अडवलं नाही. मला तेच नवल वाटलं.

दुपारी सव्वाचारला, कुर्ला कोर्टात,
म्हणजे पंधराव्या तासाला,
नईम उभा राहिला. खालचा ओठ सुजलेला.
मॅजिस्ट्रेट बाईंनी कागदावरची नजर उचलली
आणि विचारलं, तुला कोणी मारलं का?

बस, इतकंच.
खोलीत पंखा होता, शिपाई होता, फायलींचे ढीग,
आणि एक बाई एका पोराकडे बघून
उत्तराची वाट बघत होती.
या वाट बघण्यासाठी कोण कोण कुठं कुठं झगडलं असेल,
मला सगळी नावं ठाऊक नाहीत.
मी उभी होते, तिथंच थोडी ताठ झाले.

जामीन झाला.
केस अजून चालू आहे, सहावं वर्ष.
नळाचं विचारू नका.

परतताना रिक्षात नईम बाबांच्या कानाशी लागला:
काका, खळ तुमच्या डब्यातली होती.
अम्मीला सांगू नका.
बाबा बराच वेळ खाडीकडे बघत राहिले.
मग म्हणाले, निघालं का रे पोस्टर?
मधलं खरवडलं त्यांनी. कडा निघेनात.
हं, बाबा म्हणाले.
त्या दिवशी मोरचूद जरा जास्तच पडला होता.